मेस्त्री, हिचा कान बघा

खिशात काय काय आहे तुमच्या? मोबाइल घरी ठेवा, तिकडे रेंज नाही. घड्याळही ठेवा. ते दोन बोल्ट आणि एक नट मात्र राहू द्या, आज सकाळी वसई पूर्वेला वालीवच्या गाळ्यातून मोटरपंपासाठी घेतलेत ते. आठ एमएमचे. एक हरवला तर असावा म्हणून दुसरा बोल्ट घेतलात. नट एकच, कारण गाळेवाल्याने डबे उपसले, लेथखालचा बुरादा पायाने चाळला आणि शेवटी "कुठूनही घ्या हो, बसेल" असं सांगून तुम्हाला वाटेला लावलं.

आता वसई रोडला पश्चिमेकडे या, किल्ल्याकडची बस पकडा, पण किल्ल्यापर्यंत जाऊ नका. अलीकडेच पापडीला उतरा. तळ्याच्या काठी सावली बघून बसा आणि डोळे मिटा. रिक्षांचे हॉर्न लांब जातील. मग कावळे. मग काहीच नाही. मग धप्प!

बूड हललं ना जमिनीवरून? ती तोफ होती. दिवसभर चालणार आहे, सवय करून घ्या. सन १७३९ चा एप्रिल संपत आलाय आणि फेब्रुवारीपासून इथल्या पोर्तुगीज कोटाला मराठ्यांचा वेढा पडलाय. एवढं पुरे. बाकीचं तुम्ही शाळेत वाचलंय, चिमाजीअप्पांचं नावही तुम्हाला ठाऊक आहे. आपण इथे लढायला आलेलो नाही. आपलं काम दुरुस्तीचं आहे.

डोळे लगेच उघडू नका, आधी नाकाने बघा. पहिला वास जळक्या सुताचा: सोऱ्याच्या पाण्यात बुडवून वाळवलेला दोर मंद धुमसतोय, त्याने घशात खवखवतं. त्यामागे घोड्यांची लीद. मग खाडीकडून येणारा, वाळत घातलेल्या बोंबलांचा वास, तो तुमच्या ओळखीचा आहे, आजही किल्लाबंदरला येतो. आणि या सगळ्याखाली गोधडीसारखा पसरलेला एक जाड, आंबूस वास. तो हजारो माणसांचा आहे. इथल्या विहिरी मचूळ झाल्यात आणि गोडं पाणी पिण्यालाच पुरत नाही, तिथे अंघोळीचं नाव कोण काढतो?

आता उघडा. अंगातला शर्ट गेलाय, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. डोक्याला फडकं, खाली गुडघ्यापर्यंतचा मांडचोळणा, पाय अनवाणी, आणि खाली वाळू अशी तापलेली की उभं राहायचं तर एकदा हा पाय, एकदा तो. डाव्या मनगटाला तोडा गुंडाळलाय. वीतभर जळायला त्याला चार-पाच घटका लागतात, म्हणजे दीड-दोन तास. तुमचं नवं घड्याळ हेच. कमरेला दारूचं शिंग आणि गोळ्यांची पिशवी. उजव्या खांद्यावर, हाड शोधून बरोबर त्यावरच टेकलेली, तुमची बंदूक.

आज तुम्ही हेटकरी आहात. दक्षिण कोकणातले हे पायदळाचे बंदूकवाले नेमबाजीसाठी नावाजलेले, तेव्हा जरा ताठ चाला. बंदूक तोड्याची: अडीच हात लांब नळी, शिसवी कुंदा, नळीला कुंद्याशी बांधणारे चामड्याचे बंद. चाप दाबला की घोडा पुढे झुकतो, त्याच्या तोंडातला जळता तोडा नळीच्या बाजूच्या छोट्या वाटीत टेकतो, वाटीतली बारीक दारू, म्हणजे रंजक, भस्सकन पेटते आणि तो जाळ नळीच्या कानातून आत जातो. कान म्हणजे नळीला पाडलेलं बारीक भोक. सगळा खेळ त्या भोकाचा.

आणि तुमच्या बंदुकीचा कान बिघडलाय. परवापासून जाळ आत जाण्याऐवजी बाहेर येतोय. गोळी तटापर्यंत पोचत नाही, मध्येच वाळूत पडते, आणि मोर्च्यात तुमच्या उजव्या हाताला बसणाऱ्या माणसाची एक भुवई गेलीय. आज सकाळी त्याने तुम्हाला शांतपणे सांगितलं, "एक तर ती नीट करून आण, नाही तर डाव्या बाजूला बस." म्हणून तुम्ही निघालात.

तळातून चालताना कुणी वाट देईल अशी अपेक्षा ठेवू नका. ढकला. पाठीवर पखाल घेतलेला पाणक्या ओरडत येतोय, त्याला मात्र जागा द्या, नाही तर तळ तुम्हाला माफ करणार नाही. तोफेचा गाडा ओढणाऱ्या बैलांच्या तोंडाला फेस आलाय. वाण्याच्या पालाबाहेर तांदळावरून भांडण जुंपलंय, भडभुंज्याच्या कढईत वाळू तडतडतेय. जवळच्या वाडीतली एक बाई वाळल्या पानात गुंडाळलेली सुकेळी विकतेय आणि दर सांगताना तुमच्याकडे बघतही नाही. माड बघा: निम्म्यांना शेंडेच नाहीत, तोफेच्या गोळ्यांनी उडवलेत, आणि उरलेले बोडके खांब उन्हात उभे. एका खड्ड्याच्या तोंडाशी चार माणसं बसलीत, नखशिखांत वाळूच्या रंगाची, डोळे मिचकावत. ते सुरुंग खणणारे. त्यांच्याशी कुणी फार बोलत नाही. ते ज्या मातीखालून येतात तिथे पुन्हा जायचंय त्यांना.

तेवढ्यात कोटातून घंटा ऐकू येते. एक, मग दुसरी, मग तिसरी, प्रत्येकीचा सूर वेगळा. आतल्या चर्चची नित्याची वेळ झालीय. वेढा असो नसो, घंटा वेळेवर. यातल्या काही पुढे बऱ्याच लांबच्या देवळांत जाऊन बसणार आहेत, नाशिकच्या नारोशंकराच्या मंदिरातली तर तुम्ही पाहिलीही असेल. पण हे इथे कुणाजवळ बोलू नका. जाणकार म्हणून धरतील आणि दुसऱ्या दिवशीपासून शकुन विचारायला रांग लागेल.

रांग तुम्हाला वेगळीच लावायचीय. ती बघा, उंडीच्या झाडाखाली, झावळ्यांच्या मांडवाबाहेर. वीस-पंचवीस माणसं, प्रत्येकाच्या मांडीवर बंदूक, जणू दवाखान्यात आजारी पोर घेऊन बसलीत. कुणाचा घोडा लुळा पडलाय, कुणाचा कुंदा तडकलाय, एकाच्या नळीत गोळी अडकलीय आणि तो ती नळी बेफिकिरीने सगळ्यांच्या दिशेने फिरवतोय. आतून भात्याचा श्वास ऐकू येतो. फुस्स, फुस्स. ऐरणीवर घण पडतो, त्यामागे लहान हातोडी दोनदा टणटणते, कुठे मारायचं ते दाखवायला. जळका कोळसा, तापलं लोखंड, तिळाचं तेल. मांडवाच्या आत बाहेरच्यापेक्षाही गरम आहे आणि तरी सगळे आत सरकायला बघतायत, कारण सावली आहे.

हाक कशी मारायची? "मेस्त्री" म्हणा. कुणी वळूनही बघणार नाही, शब्द रुळलाय. तो तटाच्या आतून आलाय. पोर्तुगीजात 'मेस्त्र' म्हणजे उस्ताद. त्यांच्याशी लढणाऱ्या तळात त्यांचाच शब्द, आणि तुमच्या घराच्या बांधकामावरही तोच. घमेलं, बादली, फीत, पगार, सगळी त्याच जहाजातून उतरलेली मंडळी. उलट बाजूने बघाल तर बंदुकीने मराठीत जे ठेवलंय तेही काही कमी नाही. फुसका बार आपण भाषणात ऐकतो, ठासून सांगतो ते संपादकीयात. ठासायचं ते नळीत, गजाने, हे विसरून गेलोय इतकंच.

तुमची पाळी आली. मेस्त्री वर बघत नाही. साठीचा असेल, भुवया नाहीतच, दोन्ही हातांवर कोपरापर्यंत ठिणग्यांचे पांढरे ठिपके. (हा माणूस कुठल्या बखरीत शोधू नका. त्याचं काम खरं, त्याला उभा मी केलाय.) तो नुसता हात पुढे करतो. तुम्ही बंदूक देता. तो आधी नळीचं तोंड हुंगतो, मग तुम्हाला.

"भरलेली नाही ना?"

"नाही."

"सगळे असंच म्हणतात." तो गज आत सोडतो, किती खाली जातो ते बोटाने मोजतो, मगच मान हलवतो. मग नळीच्या तोंडाला ओठ लावून जोराने फुंकतो आणि तळहात कानापाशी धरतो. तुमचा हात ओढून तिथे ठेवतो. वारा लागतो? चांगलाच लागतो.

"बाजरीच्या दाण्याएवढा असायचा. मुगाएवढा झालाय. किती बार काढलेस?"

"मोजले नाहीत."

"तू नाही मोजलेस. कानाने मोजले." दर बाराला जाळ त्या भोकाच्या कडा थोड्या थोड्या खात जातो, हे त्याने तुम्हाला एवढ्यात सांगून टाकलं.

तेवढ्यात तटावरून एक बार होतो. सगळे माना खाली घालतात. मेस्त्री मान तिरकी करून ऐकतो आणि म्हणतो, "ही माझी." वीस पावसाळे त्याने कोटातल्या फिरंग्यांच्या बंदुका नीट केल्या. दिवसा आत काम करायचं, रात्री झोपायला बाहेर. "चाप जड होता तिचा. मीच हलका करून दिला." बोलण्यात अभिमान आहे की पश्चात्ताप, काही कळत नाही. बहुधा तो फक्त काम आठवतोय.

बंद सोडले, नळी कुंद्यातून उचलली, मागच्या टोकाला तेल सोडलं, थोडा शेक दिला. मग एक चौकोनी तोंडाचा पाना त्यावर बसवून मेस्त्री आणि त्याचा पोऱ्या दोघं लोंबकळले. कर्र. पुन्हा कर्र. आणि नळीचं बूड फिरायला लागलं. बूड पेचाचं आहे. मेस्त्रीचा चेहरा पहिल्यांदा जरा उजळतो. "गोव्याची आहे रे ही."

इथे जरा थांबू, तसंही पेच निघायला वेळ आहे. गोव्याच्या बंदूक कारागिरांचं नाव जुनं. गोवा घेतल्यावर अफोंसो द अल्बुकर्कने १५१३ मध्ये आपल्या राजाला कळवलं होतं की इथले कारागीर बोहेमियाच्या तोडीच्या बंदुका करतात, बुडाला पेच बसवतात, आणि नमुन्यादाखल एक कारागीरच पाठवतोय. बंदुकीसोबत बंदूकवाला! बोहेमिया म्हणजे तेव्हाच्या युरोपात या कामाचा कळस. त्यानंतर तीसएक वर्षांनी पोर्तुगीजांनी जपानला ज्या तोड्याच्या बंदुका नेल्या त्यांचंही गोत्र अभ्यासक गोव्याकडे नेतात. तेव्हा खांद्यावरच्या त्या ओझ्याकडे जरा आदराने बघा, जड असली तरी.

पेच निघाला. मेस्त्री नळी सूर्याकडे धरतो आणि तुम्हाला डोळा लावायला सांगतो. आत एक लांब, काळा, ओला बोळ आणि टोकाला आभाळाचा रुपया. बोळाच्या भिंतींवर खड्डे. खारा वारा आणि जळकी दारू, दोन्ही मिळून लोखंडाला देवी काढतात. मेस्त्री नळीतून एक सूत ओवतो, धनुकलीसारखं ताणतो आणि ते नळीच्या भिंतीला टेकवून कडेची उजेडाची रेघ बघत राहतो. मध्यावर ती रेघ रुंदावते. नळी वाकलीय, केसभर. तुम्हाला काही दिसलं नाही? मलाही दिसलं नसतं. लाकडी ठोकळ्यावर ठेवून दोन टोले, पुन्हा सूत, पुन्हा अर्धा टोला. झाली सरळ.

"आता आतून घ्यायची. तूच फिरव, माझ्याकडे माणूस नाही."

गिऱ्हाइकाने स्वतःच्या कामावर राबायचं हा इथला रिवाज दिसतो. नळी एका लांब लाकडी पन्हाळीत खुंट्या मारून घट्ट केली. तिच्यात गेला एक लांबलचक गज, टोकाला पोलादाचं चौकोनी पातं, मागे आडवी मूठ. पात्याच्या एका अंगाला लाकडाची चिपळी बांधलेली, म्हणजे उरलेल्या कडा भिंतीला दाबून राहतात. फिरवा. तेल सोडा. फिरवा. पहिल्या पन्नास फेऱ्या मजा वाटते. मग तळहात सोलतो, घाम पापणीवरून थेट डोळ्यात येतो, दंडाला गोळे येतात आणि त्या नळीतून आवाज येतो तो कुणी तरी दात खात असल्यासारखा. काळ्या तेलातून चमचमतं लोखंड ओघळतं. मध्येच मेस्त्री थांबवतो, पातं बाहेर काढून चिपळीखाली कागदाची एक पट्टी सरकवतो. पातं कागदाच्या जाडीइतकं पुढे आलं, आता तेवढंच जास्त कापणार. पट्टी बघा, तिच्यावर मोडी आहे. कुणा कारकुनाचं पत्र असणार, मायना दिसतोय, पुढचा मजकूर तेलात गेला. इतिहासाच्या प्राध्यापकांनी इथे कृपया तोंड फिरवावं.

हेच काम अकबराच्या कारखान्यात बैल करायचे. चाक फिरवायला एक जनावर आणि एकदम सोळा नळ्या साफ, असं ऐन-इ-अकबरीत अबुल फजलने लिहून ठेवलंय. इथे जनावर तुम्ही आहात आणि नळी एक. फिरवा.

चार पट्ट्या झाल्यावर खड्डे गेले. नळी आतून अशी लख्ख की आभाळाचा तो रुपया भिंतींवरही वर्तुळं वर्तुळं होऊन दिसतो. मेस्त्री एवढंच म्हणतो, "जेव."

निखाऱ्याच्या कडेला बोंबील टाकलेत. ते वळतात, कडा करपतात, वास सुटतो आणि रांगेतले सगळे तोंड वळवून बघतात. तांदळाची भाकरी, बोंबील, मिठाचा खडा. काळ्या हातांनीच खायचं, दुसरे हात नाहीत. तेलाची चव येते. इतक्या भुकेला काहीही चालतं.

आणि इथे तुम्ही तो उद्योग करता. कमरेच्या कनवटीतून (खिसा गेला, बोल्ट राहिले, हे कसं ते मला विचारू नका) दोन बोल्ट आणि नट काढून मेस्त्रीच्या पुढ्यात ठेवता. तो घास तसाच ठेवून एक बोल्ट उचलतो. नखाने आटे मोजतो. हा माणूस पेच कसा करतो ते ऐका: नळीच्या बुडाला एकेक आटा कानशीने आणि कोरणीने घासून, मग आतल्या बाजूचा त्याला जुळवून, घासून, लावून, काढून, पुन्हा घासून. तो पेच त्या नळीचा. जगातल्या दुसऱ्या कुठल्याही नळीत तो जाणार नाही. सख्ख्या बहिणीतही नाही.

तो नट बोल्टवर चढवतो. गुळगुळीत जातो. "चांगलं काम आहे," तो म्हणतो. काढतो. मग, उगाच, दुसऱ्या बोल्टवर लावून बघतो.

जातो.

त्याचा हात थांबतो. पुन्हा पहिल्यावर. पुन्हा दुसऱ्यावर. पोऱ्याने भाता थांबवलाय. रांगेतला अडकल्या गोळीवाला वाकून बघतोय.

"एकाच हाताचे आहेत?"

"हाताचे नाहीत," तुम्ही म्हणता. "असे हजारो आहेत. कुठलाही कुठल्यालाही बसतो."

"आणि तुटला तर?"

"दुसरा घ्यायचा. कुठूनही."

मेस्त्री बराच वेळ गप्प बसतो. मग विचारतो, "मग तो करणारा खातो काय?"

उत्तर देऊ नका. तुमच्याकडे नाही. वालीवच्या गाळेवाल्याकडेही बहुधा नसेल.

एक गंमत तुम्हाला ठाऊक असावी म्हणून सांगतो, त्याला नका सांगू. ती बोल्टची विद्या त्याच्याच धंद्याच्या पोटातून निघणार आहे. १७८५ मध्ये पॅरिसला ओनोरे ब्लां नावाचा बंदूक कारागीर पन्नास चापांचे सुटे भाग खणाखणांत मांडून ठेवेल आणि थॉमस जेफरसन, तेव्हाचे अमेरिकेचे तिथले वकील, हाताला येतील ते भाग उचलून चाप जुळवून बघतील. जुळतील. आणि आट्यांचं माप सगळ्यांनी एकच ठेवावं असं व्हिटवर्थ नावाच्या इंजिनियरने इंग्लंडात मांडायला १८४१ उजाडेल. इथे मात्र प्रत्येक बंदूक एकेकटी, हाताने जुळवून घडवलेली. आपण आज ज्याला हौसेने 'कस्टम' म्हणतो आणि वर पैसे मोजतो, ते इथे सगळ्यांच्या नशिबी आहे, कारण दुसरं काही अस्तित्वातच नाही. तुमची नळी बिघडली की शेजारच्याची चालत नाही. त्याची गोळी तुमच्यात एक तर अडकते, नाही तर घरंगळून बाहेर पडते. म्हणून तर उंडीच्या झाडाखाली ही रांग.

दुपार कलली. कानाचं काम. जुनं भोक सामत्याने मोठं केलं: दोरीची धनुकली पुढे-मागे, टोकाचं पातं गरगर, मेस्त्रीची छाती वरून दाबलेली. त्यात आटे पाडले, पोलादाची खुंटी पिळून बसवली, वरून ठोकून अशी बेमालूम घासली की नखालाही जोड लागत नाही. मग त्या खुंटीत नवा कान. इतका बारीक सामता की फिरताना दिसत नाही, फक्त किणकिण ऐकू येते, आणि मेस्त्री श्वास रोखून धरतो. तुम्हीही धरलाय, सोडा. तो भोकात बाजरीचा दाणा टाकून बघत नाही. नुसती फुंकर. तळहाताला आता एवढंच जाणवतं की कुणी तरी सुईने गुदगुल्या केल्या.

पेच परत बसला, तेल-मेणाचा हात फिरला. आता पारख. ही तुम्हाला आवडणार नाही.

नळीत नेहमीच्या दुप्पट दारू, वर गोळी, ठासलं. बंदूक एका शेंडा उडालेल्या माडाच्या खोडाला दोरांनी आवळली, तोंड खाडीकडे. कानात रंजक आणि त्यावर नखभर लांब तोड्याचा तुकडा, टोक पेटवलेलं. मेस्त्री सावकाश चालत येऊन दुसऱ्या झाडामागे बसतो. रांग आधीच आडवी झालीय. तुम्ही वाळूत नाक खुपसून पडलाय आणि कानात फक्त स्वतःचं रक्त. तोडा जळतोय. मुंगी चावतेय पोटरीला. तोडा अजून जळतोच आहे. कुणी तरी खोकतं. तुम्ही मान वर करणार एवढ्यात

धाड!

खोडावरून धुराचा गोळा उठतो, गंधकाचा, कुजक्या अंड्याचा वास. शेजारच्या माडाच्या झावळ्या खाली पडतात. बंदूक दोरांत हललीय, पण आहे. मेस्त्री नळीच्या कानात चिंधीचा धागा पिळून कोंबतो, आत पाणी ओततो, तोंड अंगठ्याने दाबतो आणि बाहेरून बोट फिरवत जातो. कुठे घाम येतोय का? चीर असेल तर पाणी तिथून पाझरतं. कोरडी. संपूर्ण कोरडी. मेस्त्री ती तुमच्याकडे टाकतो, पोर आईकडे द्यावं तशी नाही, नारळ टाकावा तशी.

"तुझ्या गोळ्या फेकून दे आता."

कारण नळी रुंदावली. काल दोन तोळ्यांची गोळी जायची, आता ती आत खुळखुळेल. जुना साचा तुम्ही आणलाय, सांडशीसारखा, दोन पाकळ्यांचा, मध्ये अर्धी अर्धी वाटी. मेस्त्री एक गोल, बोराएवढी, अंगभर दात असलेली कानस त्या पाकळ्यांमध्ये धरून फिरवतो. पाकळ्या हळूहळू मिटत जातात आणि वाटी वाढत जाते. मिटल्या की झालं.

"शिसं?"

ते आहे. आठवडाभर तुम्ही मोर्च्यासमोरच्या वाळूत रात्री सरपटत जाऊन वेचलंय, तटावरून आलेल्या गोळ्या, चपट्या झालेल्या, काही फुलासारख्या उमललेल्या. पितळी पळीत पडल्या की आधी नुसत्या बसून राहतात. मग कडा ढासळतात आणि क्षणात सगळ्यांचं एकच चकचकीत पाणी होतं. साच्यात ओतलं, तीन श्वास थांबले, पाकळ्या उघडल्या. टप्. वाळूत पडलेली पहिली गोळी उचलायची घाई केलीत ना? फुंका बोटांवर. मेस्त्री ती चिमट्याने तराजूत टाकतो. सव्वादोन तोळे. चिंधीत गुंडाळून नळीच्या तोंडाशी धरतो आणि अंगठ्याने दाबतो. ती अडत नाही, धावतही नाही. चांगल्या बसलेल्या खिडकीसारखी, हाताबरोबर जाते.

तो साचा मिटवून तुमच्या हातात ठेवतो. अजून ऊन आहे. "बंदूक हरवलीस तर दुसरी करून देईन. हा हरवलास तर माझ्याकडे येऊ नकोस."

मजुरी? उरलेलं शिसं त्याने आधीच स्वतःकडे ओढलंय. तुम्ही उठता, तरी तो हात पुढे धरून बसलेला. एक बोल्ट आणि नट. तुम्ही देता. मग त्याच्या नजरेत बघून दुसराही देणार असता, पण तो मान हलवतो. एकच हवाय. दुसऱ्याचं माप त्याच्या नखात बसलंय बहुतेक.

उन्हं माडांच्या बुंध्यांवरून खाली उतरलीत. कोटात पुन्हा घंटा. रांगेतला अडकल्या गोळीवाला पुढे झालाय, "मेस्त्री, अहो मेस्त्री," म्हणत नळी थेट त्याच्या छातीकडे धरून उभा. मेस्त्री ती एका बोटाने बाजूला करतो. दुसऱ्या हाताने तो नट बोल्टवर चढवतोय, उतरवतोय.

तुम्ही डोळे मिटा. पापडीचं तळं, कावळे, रिक्षाचा हॉर्न. शर्ट परत आलाय, त्याला जळक्या सुताचा वास आहे, घरी विचारतील. खिशात एक बोल्ट. पंप आजही सुरू होणार नाही. उद्या पुन्हा वसई पूर्वेला जा. त्याच गाळ्यात जायला हवं असं नाही. आठचा नट मागा, बसेल.